डावीकडून पहिला

माणूस समोर बसवायची आपल्याला गरज नाही, एक फोटो पुरे, असं चित्रकार मर्डो गिलफिलन सगळ्या कचेरीला सांगत सुटला होता.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या त्याच्या मुलांच्या साप्ताहिकात एका अंतराळ मालिकेची चित्रकथा यायची. टीव्हीवर मालिकेला अकरा वर्षं झाली होती आणि यंदा नायक बदलला होता. नवा नट पडद्यावर यायला अजून महिना होता, म्हणजे त्याचं तोंड कुणीच पाहिलेलं नव्हतं. आला होता फक्त एक फोटो, त्यात दोन माणसं, आणि मागे टंकलेली ओळ: 'डावीकडून पहिला नायक, दुसरा खलनायक.' करारात एक अट होती. नटाला चित्रातला स्वतःचा चेहरा पसंत पडला पाहिजे, नाहीतर चित्रकथा बंद आणि मर्डो घरी.

मर्डोने सहा आठवड्यांची पानं हातावेगळी केली. शुक्रवारी चहाच्या वेळी नट स्वतः ती बघायला आला, आणि मर्डोच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं. दारात उभा होता तो खलनायक! तेच ओघळलेले गाल, तेच बटाट्यासारखं नाक.

"हे मिस्टर पेवरेल, आपले नवे नायक," संपादिका किनिअरबाई म्हणाल्या.

आता मर्डोला आठवलं. ओळ आणि चेहरे एकदमच दिसावेत म्हणून त्याने फोटो पाठमोरा धरून खिडकीच्या उजेडात पाहिला होता. पाठीमागून डावा तो उजवाच होणार. सहा आठवडे देखणा खलनायक विश्व वाचवत होता आणि हे सद्गृहस्थ ग्रह गिळत होते.

पेवरेलसाहेब एकेक पान सावकाश उलटत होते. बाईंनी एकदा पान पाहिलं, एकदा पाहुणा, आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"कमाल आहे," पेवरेलसाहेब नायकावर बोट ठेवून म्हणाले. "हुबेहूब मी. फोटोवरून काढलंत?"

"फोटोवरूनच, साहेब." हे मात्र खरं होतं.

"माझी पसंती समजा. फक्त हा खलनायक बदला. माणसाचं थोबाड असं असतं का? पोरं घाबरतील."

"बदलतो, साहेब."

सोमवारी मर्डो पांढरा रंग घेऊन बसला. त्या पानांवर एकच चेहरा अगदी हुबेहूब साधला होता, आणि तो त्याला अठ्ठेचाळीस ठिकाणी पुसायचा होता.