प्लास्टिक काढायचं नाही

मंगल कार्यालयाचं दार उघडलं, आतले दिवे लागले, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. ज्ञानेश्वरीने माऊस हलवला, आपटला, शेवटी त्याला दोन शिव्याही घातल्या. कॉम्प्युटर ढिम्म.

"झालं का हँग?" सूर्यभान सोफ्यावरून म्हणाले. आवाजात काळजीपेक्षा समाधानच जास्त. "म्हनलं हुतं, तयार घे. सुटे भाग आनून घरी जोडायला ती काय सायकल हाय?"

"होईल नीट, पप्पा."

"रविवारच्या आत हू दे म्हंजे झालं."

रविवारी सोनईहून छगनमामा येणार होते. मामांना गावात मंगल कार्यालय बांधायचं होतं, आणि बांधून झाल्यावर ते आतून कसं दिसेल हे भाची त्यांना कॉम्प्युटरवर फिरवून दाखवणार होती. दाखवता आलं तर काम तिचं. नाही आलं, तर मामांच्या खताच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं सूर्यभानांनी मेव्हण्याला परस्पर कबूल करून टाकलं होतं. खताच्या वासाने ज्ञानेश्वरीला लहानपणापासून शिंका यायच्या. त्यामुळे पोरगी जिद्दीला पेटली होती.

सूर्यभानांची सगळी नोकरी नागापूरच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात झाली. आपल्या हातून गेलेल्या मालावर कधी ओरखडा निघाला नाही, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. रिटायर झाल्यावर त्यांनी सावेडीतल्या राहत्या घराचंच पॅकिंग खातं केलं. फ्रिज म्हातारा झाला, पण त्याच्या दारावरचं प्लास्टिक शाबूत. रिमोट पिशवीत, वर रबर बँड. सोफ्यावर कोणी नुसतं हललं तरी चर्र आवाज व्हायचा. आणि या घरात प्लास्टिक काढायचं नाही म्हणजे नाही.

ज्ञानेश्वरीने रॅम काढून दुसऱ्या खाचेत बसवली. हँग. विंडोज पुसून नव्याने टाकली. पुन्हा हँग, फक्त या वेळी नव्या वॉलपेपरवर. मग तिचा संशय हॉलमधल्या प्लगवर गेला, म्हणून सगळं बिऱ्हाड स्वयंपाकघरात, फ्रिजच्या प्लगवर आलं. कॉम्प्युटर तिथेही थिजला आणि बंद पडलेल्या फ्रिजमधलं दूध नासलं ते वेगळंच.

"नजर लागलीया दुसरं काय!" म्हणत आईने, साळूबाईंनी, कॉम्प्युटरवरून मीठ-मोहरी उतरवून टाकली. "शेजारची निकिता परवा ह्याच्या आतले दिवे कशी टकामका बघत हुती!"

रविवार उजाडला. "वाटंत पांढरीपुलावर च्या घेतोय, आलोच," असा मामांचा फोन आला. ज्ञानेश्वरीने कॉम्प्युटरच्या आतलं तापमान दाखवणारा आकडा पडद्यावर लावला आणि कार्यालयाचं दार उघडलं. आकडा सरसर चढला, आणि बाण थिजला.

"अगं बाई! तापतोय हा!"

"मग कूलर लाव की," सूर्यभान हॉलमधल्या सोफ्यावरून म्हणाले.

"लावलाय, पप्पा. आतच असतो तो."

तिने स्क्रू काढून तो इवलासा कूलर उचलला. त्याच्या तळाला, तांब्यावर, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. वर लाल अक्षरांत ठसठशीत सूचना, बसवण्याआधी काढून टाका.

"हे मी काढलं होतं! माझ्या हातांनी काढून टेबलावर ठेवलं होतं!"

सोफा चर्र वाजला.

"पप्पा?"

"तू त्याच्याखाली लावायची पेस्ट आनाया आत गेल्तीस," सूर्यभान पुटपुटले. "ते तांबं असं चकाकत हुतं... म्हनलं, पोरगी घाईत हाय, ओरखडा पडंल. लावलं परत. येक बुडबुडा राहू दिला न्हाई."

"अहो पप्पा, तो कूलर प्रोसेसरची उष्णता ओढून घेतो! मधे प्लास्टिक घातल्यावर काय ओढणार, कप्पाळ?"

"आवं, पोरगी खताच्या दुकानात चालली हुती की तुमच्यापायी!" साळूबाई कडाडल्या.

सूर्यभानांचा चेहरा एवढासा झाला. "चुकलंच माझं," म्हणत ते उठले. "आन इकडं. मी लावलं, मीच काढतो." नखाने कड उचलून त्यांनी ते प्लास्टिक सोलून काढलं.

नवी पेस्ट लावून शेवटचा स्क्रू आवळला, तोच दारात मामा. त्यांना फ्रिजशेजारी स्टुलावर बसवलं.

"दाजी, कॉम्प्युटर सैपाकघरात?"

"इथं नजर लागत न्हाई," साळूबाई म्हणाल्या.

दार उघडलं. दिवे लागले. बाण सुळसुळत आत गेला, स्टेज, जेवणाचा हॉल, पार्किंग. मामांनी तिला परत फिरवायला लावलं, मग उलटं फिरवायला लावलं. तापमानाचा आकडा फारसा चढला नाही.

"लई भारी, ज्ञानू! काम तुझं. गल्ल्यावर मी दुसरं मानूस बघतो."

ज्ञानेश्वरीला नाचावंसं वाटलं. स्वयंपाकघरात जागा असती तर नाचलीच असती.

"फकस्त येक," मामा पडद्याजवळ वाकले. "खुर्च्या जुन्या वाटत्यात."

"कोऱ्या करकरीत दाखवल्यात, मामा!"

"मग त्यांच्यावर प्लास्टिक कुठाय? नव्या हायेत हे वऱ्हाडाला कळाया नको?"

ज्ञानेश्वरीने वडिलांकडे पाहिलं. सूर्यभान फ्रिजकडे बघत होते, पण त्यांचे कान टवकारलेले होते.

तिने मुकाट्याने सगळ्या खुर्च्यांवर प्लास्टिक चढवलं. चकाकणारं पारदर्शक प्लास्टिक दाखवायचं म्हणजे कॉम्प्युटरला सगळ्यात जड काम. पंखा घोंघावला, पण बाण काही थांबला नाही.

सूर्यभान हळूच तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चष्मा नीट केला.

"ज्ञाने," ते म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बुडबुडा राहिलाय बघ."