खंडेनवमीची बॅटरी

पन्नाशीत नवी विद्या शिकायला वाघाचं काळीज लागतं, आणि ते माझ्याकडे आहे! युरोपातल्या बॅटरी कारखान्यांना शिकलेले इंजिनियर हवेत. म्हणून मी, चारुदत्त, मूळ नागपूरकर, हल्ली मुक्काम ओंटारिओतलं लंडन, सहा महिने जर्मनीचा ऑनलाइन कोर्स करत होतो. इथला आमचा कारखाना डिसेंबरात बंद होणार. पास झालो तर जर्मनीत नोकरी, नापास झालो तर घरी!

प्रॅक्टिकल नेमकं खंडेनवमीला आलं. कुरिअरने आलेली बॅटरी कॅमेऱ्यासमोर काढायची, व्होल्टेज मोजायचं, बस्स! डाव्या हाताचा मळ!

मी खोका उघडला आणि परीक्षक क्रूगरबाई तिकडून किंचाळल्या, "ते लाल काय आहे? गळती!"

बॅटरीच्या दोन्ही टोकांना ठसठशीत हळदकुंकू! वर मेपलचं पान!

"उल्काऽऽ!"

"अरे, आज टूल्सची पूजा नको?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "ग्रोसरीत झेंडू नव्हता, म्हणून पान वाहिलं."

"त्यात कोणतं केमिकल आहे?" बाई गरजल्या.

मी पडलो प्रामाणिक. "कुंकू आहे. हळद आणि चुना."

"चुना? बॅटरी आधी घराबाहेर काढा!"

मी स्लिपर्सवरच ड्राइव्हवेवर धावलो. मागे लॅपटॉप धरून आमची ईशिता. "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग!" माझा गॉगल आणि हातमोज्यांची लाल बोटं बघून शेजारणीने नाइन-वन-वन लावला. पाच मिनिटांत बंब हजर! उल्काने त्यांच्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला.

पण मी हटलो नाही. "बाई, परीक्षा इथेच देणार!" कोरड्या फडक्याने कुंकू पुसलं, मीटर लावला. आकडा तंतोतंत! बंबवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. जर्मनी मला समोर दिसायला लागली.

आणि उठताना बॅटरीला पाय लागला. लहानपणापासूनची सवय! चटकन वाकून तिला हात लावला, नमस्कार केला.

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"माफी मागितली," मी म्हणालो. सांगितलं ना, प्रामाणिक!

संध्याकाळी ईमेल आला. "मोजमाप अचूक. मात्र काम संपल्यावर उमेदवाराने बॅटरीची माफी मागितली. तिचं नेमकं काय बिघडवलं, ते लेखी कळवावे. तोवर निकाल राखून ठेवला आहे."

खुलाशाची चार पानं लिहून झालीत. उल्का म्हणते, शेवटी पुन्हा एकदा सॉरी टाक.