सातव्या ताऱ्याजवळची रेघ

माझं म्हणणं मी आजही मागे घेतलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कुणी माझ्याकडे आशेनं बघायला नको.

सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली. शेवटच्या बाकावर कोण च्युइंगम चिकटवतंय, ते मला पुढच्या आरशात दिसायचं. असल्या डोळ्यांच्या बाईनं निवृत्तीनंतर करायचं काय? माझा नवरा ड्वेन म्हणाला, विणकाम कर. पण विणकामात दुसऱ्याची चूक पकडायची सोय नाही. मी जुने चांदीचे अर्धे डॉलर जमवायला लागले.

त्यांत चुकाच चुका! दोनशे वर्षांपूर्वी टांकसाळीतले कारागीर नाण्याचा पोलादी ठसा हातानं तयार करायचे. एकेक तारा, एकेक आकडा वेगळा ठोकायचे. मग एका ठशात तारा कललेला, तर दुसऱ्यात आकडा शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला, लग्नात उशिरापर्यंत थांबलेल्या पाहुण्यासारखा. वरवर सगळी नाणी सारखी, पण भिंगातून बघितलं की ठसा न् ठसा निराळा. आजवर सापडलेला प्रत्येक ठसा क्रमांकासकट नोंदवलेलं एक जाडजूड पुस्तक आम्हा लोकांकडे असतं. त्यात नसलेला ठसा ज्याला सापडतो, तो आमच्यात अमर होतो.

मी अमर झाले तो मंगळवार होता. एका पशुवैद्याच्या घरच्या सामानाच्या विक्रीत घेतलेला १८३१चा अर्धा डॉलर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिव्याखाली धरला. नाण्यावरच्या बाईसमोर, म्हणजे टोपीवाल्या स्वातंत्र्यदेवीसमोर, सातवा तारा असतो. त्या ताऱ्यापासून तिच्या टोपीपर्यंत केसाएवढी बारीक रेघ गेली होती. पुस्तक तीनदा चाळलं. अशी रेघ कुठेच नव्हती. ड्वेनला दाखवली. तो म्हणाला, केस असेल. मी फुंकर मारली, रेघ हलली नाही. "मग केस नाही," असं म्हणून तो पुन्हा सूप प्यायला लागला. एवढ्या मोठ्या शोधाचं आमच्या घरात झालेलं स्वागत ते एवढंच.

ओहायोतल्या आमच्या काउंटीच्या नाणे क्लबात अठरा सभासद आहेत. सतरा पुरुष आणि मी. हार्लन ग्रूबर एकोणीस वर्षं अध्यक्ष आहे. तो स्वतः फक्त तांब्याचे सेंट जमवतो, पण मत त्याचं सगळ्या धातूंवर असतं. त्यानं भिंग लावलं आणि रेघ म्हणजे ओरखडा आहे असं जाहीर केलं. मी म्हटलं, ओरखडा आत खणला जातो, ही रेघ वर उभी आहे. त्यानं दिवा तिरपा करून पुन्हा पाहिलं. रेघ खरंच वर होती. झालं, त्यानं पवित्रा बदलला. म्हणे कुणीतरी पूर्वी हे नाणं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असणार, आणि ही वाळलेल्या डिंकाची तार आहे.

"सोपं आहे, लोर्ना. ॲसिटोनमध्ये बुडव. चांदीला काही होत नाही. डिंक असला तर निघून जाईल."

सोळा माना हलल्या. ॲसिटोननं चांदीला काही होत नाही हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे घरात डबाभर होतं. पण हार्लनच्या हुकुमावरून मी रुमालसुद्धा भिजवणार नव्हते. तसं मी त्याला सांगितलं, आणि येत्या शनिवारच्या वार्षिक प्रदर्शनात हे नाणं मी मांडणार, हेही सांगितलं.

तेवढ्यात गावच्या साप्ताहिकातून प्रदर्शनाच्या बातमीसाठी हार्लनला फोन आला. बोलण्याच्या ओघात तो म्हणाला की क्लबातल्या एका बाईच्या नाण्यावरची रेघ खोटी आहे. शुक्रवारी छापून आलं: 'स्थानिक महिलेचं खोटं नाणं प्रदर्शनात.' खाली माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर. आजवर त्या साप्ताहिकानं माझं नाव कधी बरोबर छापलं नव्हतं. दुपारी बहिणीचा फोन आला, वकील बघू का म्हणून. पाद्रीबाईंनी माझ्यासाठी प्रार्थना करते असा निरोप पाठवला.

दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. मी केस सेट करून घेतले.

प्रदर्शन अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये असतं. एरवी दिवसभरात चाळीस माणसं येतात, त्यातली तीस खाण्याचं टेबल मांडणाऱ्या बर्निसचा चेरी-पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला. त्या शनिवारी साडेदहालाच तीनशे माणसं आत होती आणि चेरी-पाय संपले होते. माझ्या काचेच्या पेटीत मी पाटी लावली होती: 'नवा ठसा. शोध: लोर्ना फिस्टर.' मी कॉफी घेऊन येईपर्यंत शेजारी हार्लनची पाटी आली: 'हे क्लबचं मत नाही.' मी त्याखाली तिसरी लावली: 'मत बनवायला आधी डोळे लागतात.'

मग गर्दीतून वाट काढत पोलिसातला डेप्युटी केंडल आला. दुसरीत असताना हा पोरगा माझ्या बसमध्ये दोनदा ओकला होता. आता कमरेला पिस्तूल. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मिसेस फिस्टर, पेपर वाचून कुणाची तरी तक्रार आली आहे. खोटं नाणं मला ताब्यात घ्यावं लागेल."

हार्लनचा चेहरा पिठासारखा झाला. काही झालं तरी माणूस वाईट नाही. त्यानं घाईघाईनं सांगितलं की नाणं शंभर टक्के खरं आहे, खोटी आहे ती रेघ. मी म्हटलं, रेघही खरी आहे. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी दहा मिनिटं केंडलला ठशाचं शास्त्र समजावलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"म्हणजे गुन्हा कुठलाच नाही. तुमचं दोघांचं भांडण आहे."

मी म्हटलं, हो.

"मग ते एकदाचं ॲसिटोनमध्ये बुडवा ना."

तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी एका अटीवर तयार झाले: जो हरेल त्यानं या हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायची. हार्लन म्हणाला, मंजूर.

बर्निसनं चेरी-पायचं रिकामं काचेचं भांडं धुऊन दिलं. हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिटोनचा डबा आला. नाणं मी माझ्या हातानं आत सोडलं. आणि ते तळाला टेकलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की खरंच डिंक असला तर? पाच मिनिटं केंडलनं घड्याळावर मोजली.

नाणं बाहेर काढलं, वाळवलं, दिव्याखाली धरलं. रेघ जागच्या जागी होती!

मागच्या रांगेतून माझ्या जुन्या बसवाल्या मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या. मी हार्लनकडे वळले. त्यानं हात वर करून थांब म्हटलं. पिट्सबर्गहून पाहुणे आले होते, एव्हरेट क्विम्बी, वय शहाऐंशी, साठ वर्षं फक्त अर्धे डॉलर बघत आलेले. निकाल त्यांनी द्यावा, असं हार्लनचं म्हणणं पडलं.

क्विम्बी सावकाश बसले. सावकाश भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले.

"रेघ खरी आहे," ते म्हणाले. "ठशाला तडा गेला की नाण्यावर अशी रेघ उठते. डिंक म्हणणाऱ्यानं आपले सेंट सांभाळावेत."

हार्लनची मान कॉलरमध्ये गेली. मी भाषणाला सुरुवात करायला घसा साफ केला.

"पण ठसा नवा नाही, मॅडम. पुस्तकात आहे तोच. तारे बघा, आकडे बघा, सगळे जिथल्या तिथे. फक्त वापरून वापरून तडकलाय. सुरकुती पडली म्हणून बाई नवी होत नाही."

हॉल हसला. ड्वेन सगळ्यांत मोठ्यानं हसला, त्याचा हिशेब घरी झाला.

आता पेच असा, की हरलो दोघंही. अटीप्रमाणे उभं राहून माफी मागायची. पण आधी कोणी? हार्लन एका खुर्चीवर बसला होता, मी समोरच्या. त्याचं म्हणणं, शोध लावला तिनं आधी उठावं. माझं म्हणणं, रेघ खोटी म्हणून पेपरात गेला त्यानं आधी. केंडलनं अर्धा तास वाट पाहिली आणि निघून गेला. लोक पांगले. पेट्या आवरल्या गेल्या. पाच वाजता केंद्राचे जवान आले, त्यांना खुर्च्या उचलायच्या होत्या. त्यांनी आमच्याभोवतीच्या सगळ्या उचलल्या. उरल्या फक्त आमच्या दोन.

शेवटी हार्लनच म्हणाला, "एकदम उठू. मी तीन म्हणतो."

मी म्हटलं, ठीक.

त्यानं एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. तो उठला नाही. मीही उठले नाही.

म्हणजे तसं बघितलं तर मी बोटभर उठले होते. पण माझा कोट लांब आहे. त्याला दिसलं नसावं.