हादऱ्याची वेळ

हरिश्चंद्र मास्तरांच्या पाटाखालची जमीन दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी हलली. निदान त्यांना तसं वाटलं. वाटीतलं ताक डचमळलं होतं. पण समोर वाढणाऱ्या सगुणाबाईंना काहीच जाणवलं नव्हतं.

चौतीस सालच्या बिहारच्या भूकंपाला महिनाही झाला नव्हता. संध्याकाळी वाचनालयात मास्तर भीत भीत बोलून गेले, की भूकंपाची लाट जवळच्या गावी आधी पोचते, लांबच्या गावी उशिरा. तीन गावच्या वेळा मिळाल्या तर उगम नकाशावर दाखवता येतो. चिटणिसांनी लगेच फळ्यावर त्यांचं रविवारचं व्याख्यान लिहून टाकलं. मास्तरांची झोप उडाली. बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण मोठ्या माणसांपुढे त्यांची जीभ वळत नसे.

त्यांनी तीन जुन्या विद्यार्थ्यांना कार्डं टाकली : "आम्हांस एक-दहाला धक्का जाणवला. आपणांस केव्हा?"

उत्तरं आली. भाट्याच्या लवूचं एक-दहा, केळशीच्या महिपतचं एक-दहा, पूर्णगडच्या रघूचं एक-एकोणपन्नास.

मास्तर कर्कटक घेऊन बसले. वर्तुळं काही केल्या एकमेकांना भेटेनात.

"भाट्याहून पूर्णगडला जायला एकोणचाळीस मिनिटं?" ते पुटपुटले.

"मोटारीनं गेला असेल भूकंप," सगुणाबाई म्हणाल्या. "वाटेत पावस गावी चहाला उतरला असेल."

शनिवारी रघू बाजाराला आला, तसा मास्तरांनी त्याला ओटीवर बसवला. "तुझं घड्याळ बरोबर आहे ना रे?"

"पोस्टातलं आहे, गुरुजी. स्टँडर्ड टाइम. तुमचं मुंबई टाइम, त्याच्या मागे चालणारं. म्हणून तुमच्या वेळेत एकोणचाळीस मिनिटं मिळवली."

"माझ्या वेळेत? मग तुला धक्का केव्हा बसला?"

"मला कुठला बसतोय? पण तुम्ही बसला म्हणता, तर मी नाही कसं म्हणू? लवूनंही तसंच लिवलंय, येताना भेटला. नि महिपत तर शाळेतही फळ्यावरचंच उतरवायचा."

रविवारी वाचनालय भरलं होतं. मास्तर वर्तुळं पुसलेला कोरा नकाशा धरून उभे राहिले.

"मंडळी, धक्का एकट्या मला बसला. बहुधा मलाही बसला नाही," एवढं बोलून ते खाली बसले.

कुणी हसलं नाही. मग चिटणीस उठले. "असं कसं, मास्तर? मला जाणवला होता."

"मलाही," मागून कुणी म्हणालं. बघता बघता निम्मी सभा हलली होती.

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी घाईघाईनं पेन्सिल काढली. "किती वाजता?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी चिटणीस अदबीनं म्हणाले, "ते तुम्हीच सांगा की."