शेलगावच्या छिद्राचा दाखला

अभ्यासक्रमाच्या सातव्या आठवड्यात मंदाकिनीबाई वळवईकरांनी शेलगावाभोवती दोर टाकून ओढला, तेव्हा तो शाळेमागच्या मोकळ्या जागेत, जिथे काहीच नव्हतं तिथे, अडकला. तोवर तो घरांतून, गोठ्यांतून, वाण्याच्या दुकानातून नियमाप्रमाणे सरकत आला होता. कोणाच्या ताटातली वाटीही हलली नव्हती.

विद्यापीठाचा हा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम बैजिक संस्थितीचा होता. म्हणजे जागा हवी तशी ताणली, दाबली, तरी तिच्यातलं काय बदलत नाही, याचं गणित. लग्नात सुटलेली एमएस्सी बाईंनी एकोणतीस वर्षांनी पुन्हा धरली होती. गृहपाठ सोपा होता: राहत्या गावाभोवती दोर टाकावा आणि ओढून मुठीत आणावा. बाकी बेचाळीस विद्यार्थ्यांचे दोर मुठीत आले. बाईंचा आला नाही.

"तुमच्या गावाला भोक आहे," सर पडद्यावरून म्हणाले. "उत्तर बरोबर आहे. फक्त तलाठ्याचा दाखला जोडा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही."

परीक्षा गुरुवारी होती. बाईंचे यजमान गजाननराव दोराचं टोक धरून उभे राहिले. "सप्तपदीनंतर ही आठवी फेरी राहिली होती वाटतं," एवढंच म्हणाले, पण दोर सोडला नाही.

तलाठी धुमाळभाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"विहीर आहे?"

"नाही."

"खड्डा?"

"नाही, भाऊसाहेब. भोक आहे."

"त्यात काय आहे?"

"काही नाही."

"मग बुजवून टाका की."

"बुजवायला त्यात जागाच नाही."

धुमाळांनी चष्मा पुसला. "बाई, चतुःसीमा नाही तर दाखला नाही. पूर्वेला काय?"

"शेलगाव."

"पश्चिमेला?"

"शेलगाव."

दक्षिण-उत्तरेलाही शेलगावच निघालं. इतकी बिनतक्रार चतुःसीमा धुमाळांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पीक, झाडं, मालक या रकान्यांत त्यांनी 'निरंक' लिहिलं आणि शिक्का उचलून थांबले.

"एक अट आहे. निकाल लागेपर्यंत दोर ताणलेला हवा. सुटला तर भोक कुठलं, हे मी कोणाला दाखवू?"

बाईंचा चेहरा उतरला. परीक्षा जिल्ह्याच्या गावी होती, आणि रविवारपासून दोर धरून गजाननरावांची बोटं आता मिटत नव्हती.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "एकदा राहिली होतीच."

धुमाळांनी शिक्का मारला. "गुरुवारी मी असाही गावात असतो. लोक म्हणतात, नुसता बसून असतो. उभा राहीन."

गुरुवारी गावाचं कामकाज शाळेमागे चाललं. सही करायची वेळ आली की अर्जदार दोर धरायचा. बाई संध्याकाळच्या एसटीने उतरल्या, त्या थेट तिथेच आल्या. गजाननराव हाताला तेल चोळत शेजारी बसले होते.

"कसा गेला पेपर?" धुमाळांनी विचारलं.

"एक प्रश्न सोडला. बाकी सगळं लिहिलं."

"निकाल?"

"तीन महिन्यांनी."

धुमाळांनी दोर उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. "गजाननराव, तुम्ही सोमवारी या. उद्या ग्रामसेवक. शनिवार-रविवार सरपंचांना दिलाय, त्यांना धरून ठेवायची सवय आहे."