नामाभाऊंच्या गाडीचा टप

गेल्या हिवाळ्यात नामाभाऊंच्या दारावरून जाणाऱ्या कोणालाही त्यांच्या गाडीत बसून यावं लागायचं. गाडी कुठे जात नसे. मागच्या सीटवर बसायचं, मान ताठ ठेवायची आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

"डोकं लागते का?"

लागतं म्हटलं की नामाभाऊंचा चेहरा उतरायचा. नाही म्हटलं की त्यांना संशय यायचा, हा गडी वाकून तर बसला नाही ना? मग ते खिडकीतून हात घालून डोकं आणि टप यांच्यामध्ये बोटं सरकवून पाहायचे. सिलिंडरवाला बसला, भाजीवाली बसली, मतं मागायला आलेला एक उमेदवारही बसला. त्याने टोपी घातली होती. नामाभाऊंनी ती काढायला लावली.

नांदुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी शाळामास्तर, आणि उंचीने गल्लीत सगळ्यांत जास्त, त्यामुळे माझी तर रोज हजेरी. "तुमचंच माप पाहिजे मले, मास्तर," असं म्हणून ते मला हातातल्या चहासकट आत कोंबायचे.

गाडी म्हणजे जुनी पांढरी अँबॅसिडर. नामाभाऊ जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पार खोलली आणि पुन्हा बांधली. इंजिन झालं, ब्रेक झाले, दरवाजे झाले, अडला तो टप. त्यांच्या बायकोचं, कौसल्याकाकूंचं माहेर जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर्षानुवर्षं तिकडून ज्वारीची पोती या टपावर लादून आली होती. टपाच्या पत्र्याखाली आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, घराला वासे असतात तशा. त्या खाली बसल्या होत्या आणि आतलं कापड म्हशीच्या पोटासारखं लोंबत होतं.

"सासरवाडीचं ओझं हाय हे," नामाभाऊ सांगायचे. "एवढ्या लवकर नाही उतरत."

कापड सोडवलं तेव्हा एका पट्टीचं टोक गंजून गेलेलं निघालं. त्यांनी तेवढा तुकडा कापून नवा जोडून घेतला. बाकीच्या पट्ट्यांसाठी गाडीत फळी टाकली, फळीवर जॅक उभा केला, जॅकच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर गोधडीची घडी. मग जॅकला जरासा पीळ द्यायचा आणि बाहेर येऊन निवांत बसायचं. मी एकदा विचारलं, एकदमच का नाही वर उचलत? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "दम धरा. लोखंड आयकून राह्यलं." त्या दिवसांत गाडीजवळ कोणी मोठ्याने बोललेलंही त्यांना खपत नसे. गल्लीतल्या दोन भावांचं भांडण त्यांनी, हात जोडून, पार कोपऱ्यावर नेऊन सोडलं होतं.

लोक हसायचे. म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतंच, म्हणायचे. मीही तसंच समजत होतो. मग एका दुपारी मी मागच्या सीटवर मान ताठ करून बसलेलो असताना काकू हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "सरका भाऊ. मले गावाले जायचं हाय."

काकूंचं विसरणं आम्हाला ठाऊक होतं. ते किती पुढे गेलंय, हे ठाऊक नव्हतं. नामाभाऊंनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि परत येऊन, पट्टीला फडकं मारत, सगळं सांगितलं. दिवस कलला की काकू पिशवी भरतात आणि माहेरी निघतात. नाही म्हटलं की रडतात. गाडीत बसवून त्या वाटेवरच्या पूर्णेच्या पुलापर्यंत नेऊन आणलं की शांत व्हायच्या, जेवायच्या, झोपायच्या. पण काकू उंच. लग्नात हार घालायला नामाभाऊंना पाटावर उभं राहावं लागलं होतं. लोंबतं कापड केसांना लागलं की त्या घाबरायच्या, छत पडून राह्यलं म्हणून ओरडायच्या. एकदा तर त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. तेव्हापासून गाडी दारातच उभी होती.

"हात धरला म्हणून वाचली," नामाभाऊ म्हणाले. "पोरगा म्हणते, पुण्याले आणा, तिथं अशा लोकायसाठी जागा असते. तिथं तिले कोण गावाले नेईन?"

ते फडकं मारतच राहिले. पट्टी कधीच साफ झाली होती.

त्यानंतर मी न बोलावता जाऊन बसू लागलो.

संक्रांत झाल्यावर पट्ट्या जागेवर बसल्या. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे खडखड नको. नवं कापड ताणून लावलं. मी बसलो. डोकं लागलं नाही. त्यांनी बोटं घातली, मग अख्खा तळवा घातला आणि तो तसाच ठेवून बराच वेळ उभे राहिले.

संध्याकाळी आम्ही निघालो. मी पुढे, काकू मागे, मांडीवर पिशवी. गाव मागे पडलं, दोन्हीकडे हरभरा लागला. काकूंनी हात वर करून कापडाला लावून पाहिला आणि सीटला टेकल्या. पहिल्यांदाच त्या अशा ऐसपैस बसल्या होत्या.

"गाडी चांगली हाय तुमची, ड्रायव्हरभाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी बी होती अशी. पण तिचं छत लागे."

नामाभाऊंनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"वापस गेले की आमच्या घरी, मालकायले, एक निरोप द्या. म्हणा, बाई पोचली. वाट पायत असतीन ते. मी पोचल्याचं कळल्याबिगर जेवत नाहीत."

"सांगतो, बाई," नामाभाऊ म्हणाले.

पूल यायच्या आत त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. ते त्यांनी बंद केलं, उतरले, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड जाऊन उभे राहिले. मला त्यांचे फक्त बॉनेटच्या कडेला धरलेले हात दिसत होते.

काकू पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "बिघडली वाटते बिचाऱ्याची."

"होईल सुरू," मी म्हटलं.

"होऊ द्या सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई करू नका त्यायले."