माह्या नावाचं ताट

आमच्या केनवडचा सुदाम इमेवाला, हप्ते घेऊन लोकायच्या जिवाचा इमा उतरवणारा, कोणाले राम राम करत नाही. भेटला का पयले इचारते, "तुमच्या मांगं घरी कोण?" एका लग्नात घोड्यावर बसलेल्या नवरदेवाले बी त्यानं हेच इचारलं. नवरदेवाच्या मामानं त्याले धरून वरातीबाहेर काढलं, तं हा बाहेर मामालेच इचारत उभा.

मी काही चार बुकं शिकलो नाही, पण जित्या माणसानं मरणाची बोलणी करून ठेवाची नसते, एवढं मले समजते. माह्या उंबऱ्याच्या आत इमा येणार नाही, हे मी भर चावडीत सांगतलं होतं. अन् माहा शब्द आजवर मांगं गेला नाही.

मागल्या साली सुदामनं 'जोडीदार योजना' काढली. ज्याच्या सांगण्यावरून नवं गिऱ्हाईक येईन, तो त्याचा जोडीदार. त्याले स्टीलचं भांडं, वर नाव कोरून. पयलं गिऱ्हाईक धाडलं का पेला, दुसऱ्याले वाटी, तिसऱ्याले ताट. हापिसातला साहेब म्हणे, हे सगळं मोबाईलवर करा, लोकायले लिंक धाडा. सुदामनं त्याले इचारलं, "लिंकमधी पाणी पेता येते का?" झालं. न्हाव्याचं नाव कोरल्या गेलं, गिरणीवाल्याचं कोरल्या गेलं. गिरणीवाला तं दळण घेऊन येईन त्याले पयले पेला दाखवे.

मी भाजीवाला. बाजारात मेथी-वांगे घेऊन बसतो. मेथीच्या जुडीसंगं मी लोकायले सावध करे. त्या सुदामच्या नादी लागू नका, गोचीड हाय तो. माणूस मेला तरी सोडत नाही. मेलेल्याच्या घरी जाऊन कागदं मागते, हापिसात चकरा मारते, सायबाचं डोक्सं खाते, अन् पैसे त्या घरात आल्याबिगर हटत नाही.

लोक ऐकत, मेथी घेत, अन् सरळ सुदामकडं जात.

हे मले मालूम नव्हतं. एका बाजारी सुदाम पेला घेऊन माह्या दुकानापुढं उभा राह्यला. पेल्यावर 'किसनभाऊ' कोरलेलं. म्हणे, नवं गिऱ्हाईक आलं, कोणी धाडलं म्हणून इचारलं, तं त्यानं तुमचं नाव सांगतलं. मी तो पेला तसाच त्याच्या थैलीत टाकला. पुढं वाटी आणली, मंग ताट आणलं. तेही वापस. पण बाजार हासाचा थांबते का? न्हावी म्हणे, "काय किसनभाऊ, तुमी बी इमेवाले झाले म्हणते." चावडीत दिलेल्या शब्दाचं असं मेथीच्या भावात मातेरं झालं.

मंग एका दुपारी मी सुदामचं घर गाठलं. म्हटलं, आज माहं नाव त्या भांड्यायवरून खोडूनच येतो.

दार उघडं होतं. सुदाम जेवाले बसला होता. बायको जाऊन लय वर्सं झाले, लेकरू नाही. त्याच्यापुढं चेपलेलं जर्मनचं ताट, त्यात भाकर अन् ठेचा. समोर दुसरा पाट मांडलेला. त्या पाटापुढं माहं ताट पालथं घातलेलं, बाजूले माही वाटी, माहा पेला. घासून लख्ख.

भांडण तोंडातच राह्यलं. त्याचाच सवाल मी त्याले टाकला. "सुदाम, तुह्या मांगं घरी कोण?"

गावभर हेच इचारत फिरणाऱ्या माणसानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याले लावला. मंग म्हणे, "भांडे तुमचे हाय, भाऊ. म्हटलं, न्याले तरी कधी याल."

"अन् रोज मांडून ठेवतं?"

"रोज."

"मी इमा काढणार नाही."

"काढा म्हणलं कोणी?"

मी पाटावर बसलो अन् ताट सुलटं केलं. म्हटलं, "वाढ मंग. नाव माहं हाय त्याच्यावर."

ते ताट अजून तिथंच हाय. इमेवाल्याचं भांडं माह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणजे नाही. जेवाचं असन तं मीच तिकडं जातो, अन् दर बाजारी जातो. इमा काढला नाही, काढणार नाही. बाजारात त्याले शिव्या देणं बी सोडलं नाही. मी थांबलो, तं त्याच्याकडं जाईन कोण?